जोंगाला टॅकोमीटर बसवताना
जबलपूर : येथील व्हेईकल फॅक्टरीत निसानच्या परवान्याने तयार झालेल्या आणि नावाचे आद्याक्षरच जबलपूरचे असलेल्या जोंगा गाड्या लष्करी सेवेनंतर हौशी वाहनप्रेमींकडे आल्या. जुने मापक बदलताना अनेक जण इंजिनाचे प्रतिमिनिट फेरे दर्शविणारा टॅकोमीटरही बसवितात. मूळ सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात तो इग्निशन कॉइलच्या ऋण अग्राला जोडला जातो. दर फेऱ्याला तीन ठिणग्या पडत असल्याने मापक चुकून चार सिलिंडरवर ठेवल्यास २००० फेऱ्यांचे ३००० दिसतात. डिझेल इंजिन चढविलेल्या जोंगात कॉइलच नसते. तेथे संकेत बहुधा अल्टरनेटरकडून घेतात. तेलदाबाचा नवा मापक विजोड जुन्या सेन्सरला जोडणे मात्र धोक्याचे. दाब घसरला तरी काटा सारे आलबेल दाखवू शकतो.