शनिवारची रंगीत तालीम

२ मार्च २०२४ रोजी, शनिवार असूनही, शेअर बाजार उघडला. राष्ट्रीय शेअर बाजारात सकाळी सव्वानऊ ते दहा या वेळेत नेहमीच्या यंत्रणेवर व्यवहार झाले. मग बाजार थांबवला गेला आणि साडेअकरा ते साडेबारा या तासाभरात तोच बाजार पर्यायी केंद्रातून, म्हणजे ‘डीआर साइट’वरून चालला. समभाग खरे होते, पैसे खरे होते, सौदे करणारे गुंतवणूकदारही खरे होते. १८ मे रोजी हा प्रयोग पुन्हा झाला. दोन्ही दिवशी आपत्ती कुठलीच आलेली नव्हती. आली तर काय करायचं, याची ती रंगीत तालीम होती.

अशा तालमीची गरज का, हे तीन वर्षांपूर्वीच्या एका दुपारने दाखवून दिलं होतं. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार थांबले, ते पावणेचारला सुरू झाले आणि त्या दिवशी बाजार पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. बाजाराने नंतर दिलेलं कारण वाचण्यासारखं आहे. मुख्य केंद्र आणि जवळचं जोडकेंद्र यांच्यातल्या वाहिन्या दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या. मार्गावरच्या खोदकाम-बांधकामामुळे दोन्ही विस्कळीत झाल्या. तरीही माहिती साठवणारी यंत्रणा चालू राहायला हवी होती, पण तीही अडकली. जोखमीवर लक्ष ठेवणारी प्रणाली त्यामुळे बंद पडली आणि ती नसताना सौदे चालू ठेवणं शक्य नव्हतं. दूरवर सज्ज पर्यायी केंद्र होतंच. व्यवहार तिकडे का हलवले नाहीत, असा प्रश्न बाजाराची नियामक संस्था सेबीने विचारला आणि महिन्याभरातच नियम कडक केले. महत्त्वाची प्रणाली बंद पडली तर ३० मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करायची, आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रातून काम सुरू करायचं.

मला त्यातलं पहिलं कलम जास्त मोलाचं वाटतं. यंत्र बंद पडलंय हे कळायला वेळ लागत नाही. वेळ जातो तो ‘दहा मिनिटांत होईल दुरुस्त’ या आशेत. प्रत्येक अभियंत्याला दुरुस्ती अगदी हाताशी आल्यासारखी वाटते, आणि तास निघून जातो. निर्णयाचं घड्याळ आधीच लावून ठेवलं की त्या आशेला मर्यादा पडते.

शेअर बाजाराचे नियम छोट्या ऑनलाइन व्यवसायाला कशाला, असं कुणी म्हणेल. पण प्रश्न तेच आहेत, आकडे तेवढे वेगळे. समजा, येवल्यातलं पैठणीचं एक दुकान स्वतःच्या वेबसाइटवरून देशभर विक्री करतं. आपत्तीचं नियोजन सुरू होतं ते मालकाने दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहिण्यापासून. शेवटच्या किती मिनिटांची नोंद कायमची गेली तरी सोसेल? आणि दुकान किती वेळ बंद राहिलं तरी चालेल? पहिल्या मर्यादेला तंत्रज्ञ ‘आरपीओ’ म्हणतात, दुसरीला ‘आरटीओ’. बाजारासाठी सेबीने पहिली मर्यादा १५ मिनिटांची ठेवली. पैठणीच्या दुकानाला एरवी चार तास बंद राहणं परवडेल, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात परवडणार नाही. पुढचा सगळा खर्च या दोन आकड्यांवर ठरतो, म्हणून ते संगणकतज्ज्ञावर सोपवून मोकळं होता येत नाही. ते धंदा सांभाळणाऱ्यानेच ठरवायचे.

‘काहीच जाऊ नये आणि क्षणभरही बंद पडू नये’ हे उत्तर मात्र बाद. त्याच्या आड भौतिकशास्त्र येतं.

आपण ज्याला क्लाउड म्हणतो तो शेवटी कुठल्या तरी शहरातल्या इमारतींत असतो. अ‍ॅमेझॉनची केंद्रं मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून आहेत. गूगलची मुंबई आणि दिल्ली परिसरात आहेत, मायक्रोसॉफ्टची पुणे, चेन्नई आणि मुंबईत. अशा एका ‘रिजन’मध्ये सहसा तीन किंवा अधिक ‘झोन’ असतात. प्रत्येकाची वीज, शीतकरण आणि इमारती वेगळ्या, पण अ‍ॅमेझॉनच्या रचनेत झोन एकमेकांपासून १०० किलोमीटरच्या आतच असतात. हे अंतर हेतुपुरस्सर मर्यादित ठेवलेलं आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या थोडं वर. म्हणजे मुंबईत झालेली नोंद चेन्नईला पोचायला ५ मिलिसेकंद आणि ‘पोचली’ ही पावती परत यायला आणखी ५. केबल सरळ रेषेत जात नाही, मध्ये यंत्रंही असतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्तच.

१० मिलिसेकंद म्हणजे डोळ्याच्या उघडझापेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. एका ग्राहकाला ते जाणवणारही नाही. पण एकाच पैठणीच्या साठ्याचा आकडा शंभर जण एकाच वेळी बदलू पाहत असतील, तर प्रत्येक बदलाला आधीच्या बदलाची पावती येईपर्यंत थांबावं लागतं. चेन्नईच्या पावतीशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं, तर तो आकडा सेकंदाला शंभरपेक्षा जास्त वेळा बदलताच येणार नाही. शेअर बाजारात सौदे मायक्रोसेकंदांच्या हिशेबात चालतात, तिथे हे अशक्यच. म्हणून सेबीच्या रचनेत दूरच्या केंद्राबरोबर एक जवळचं केंद्रही लागतं. जवळचं केंद्र एकही नोंद हरवू नये यासाठी, आणि दूरचं केंद्र अख्खं शहर अडचणीत आलं तरी काम चालावं यासाठी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या मुंबईला दुसरं केंद्र शहराबाहेर का हवं, हे वेगळं सांगायला नको.

पावतीची वाट पाहण्यात आणखी एक पेच आहे. मधली केबलच तुटली तर? थांबायचं, की पावतीविना पुढे जायचं? थांबलं तर दुकान बंद. पुढे गेलं तर दोन ठिकाणच्या नोंदी जुळेनाशा होतात. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेला आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेला सिद्धांत हेच सांगतो, की जोडणी तुटल्यावर अचूक एकवाक्यता आणि अखंड सेवा दोन्ही मिळत नाहीत. आपल्या पैठणीच्या दुकानाने मुंबईतल्या दोन झोनमध्ये पावतीसह नोंद ठेवावी, आणि हैदराबादला काही सेकंद मागे चालणारी प्रत पाठवत राहावं. एवढ्यावर बहुतेक छोट्या व्यवसायांचं भागतं.

पण अशी सतत ताजी राहणारी प्रत म्हणजे बॅकअप, हा समज धोक्याचा आहे. चुकून दिलेली ‘पुसून टाक’ ही आज्ञाही ती तितक्याच इमानाने हैदराबादला पोचवते. अशा चुकीतून सावरण्यासाठी कालची, परवाची, महिन्यापूर्वीची गोठवलेली प्रत वेगळी लागते. आणि ती खरंच अस्तित्वात आहे का, हे पाहावं लागतं. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका अभियंत्याला दुय्यम सर्व्हरवरची डेटाबेसची फोल्डर रिकामी करायची होती. आज्ञा गेली मुख्य सर्व्हरवर. दोनेक सेकंदांत चूक लक्षात आली, पण तोवर सुमारे ३०० जीबींपैकी साडेचार जीबीच उरले होते.

मग बॅकअप शोधायला सुरुवात झाली. रोजचा बॅकअप क्लाउडवर जायला हवा होता, ती जागा रिकामी निघाली. बॅकअप घेणारं साधन डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचं होतं, त्यामुळे ते दर वेळी अपयशी ठरत होतं. अपयशाची सूचना ईमेलने जायची, पण ती पत्रं मेल सर्व्हर नाकारत होता, म्हणून कुणाला पत्ता नव्हता. डिस्कचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या क्षणाच्या नकला, डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. शेवटी तारलं ते दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी एकाने हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. तोही संथ डिस्कवर असल्यामुळे नुसती नक्कल करण्यातच कित्येक तास गेले. सुमारे ५ हजार प्रकल्प, ५ हजार टिप्पण्या आणि ७०० नवी खाती यांच्या नोंदी गेल्या. कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि नंतर सगळा तपशील जाहीर केला. या प्रामाणिकपणाबद्दल तंत्रजगताने तिचं ऋणी राहायला हवं. कागदावर पाच संरक्षक उपाय असतात आणि गरजेच्या रात्री त्यातला एकही धड उभा नसतो, हे इतक्या उघडपणे क्वचितच कुणी सांगितलं असेल.

फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचं उदाहरण वेगळ्या प्रकारचं आहे. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर ऱ्हाइन नदीकाठच्या ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजली इमारत खाक झाली, शेजारच्या इमारतीचा काही भाग जळाला, उरलेल्या दोन इमारतींची वीज तोडावी लागली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. लाखो वेबसाइट बंद पडल्या. कंपनीचे संस्थापक ऑक्ताव्ह क्लाबा यांनी त्याच रात्री ग्राहकांना आपापली आपत्ती योजना अमलात आणायला सांगितलं. ती असलेले ग्राहक सावरले. ‘रस्ट’ या ऑनलाइन खेळाच्या युरोपातल्या २५ सर्व्हरवरची माहिती मात्र कायमची गेली. काही ग्राहकांनी बॅकअपचे पैसे भरले होते, पण ते बॅकअप जळालेल्या इमारतीतच होते. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२३ मध्ये कंपनीला अशा एका ग्राहकाला भरपाई द्यायचा आदेश झाला. भरपाईने डेटा मात्र परत येत नाही. बॅकअप त्याच इमारतीत ठेवणं हे घराची दुसरी किल्ली त्याच घराच्या कपाटात ठेवण्यासारखं होतं. आपला बॅकअप कोणत्या शहरात, कोणत्या इमारतीत आहे, हे पुरवठादाराला लेखी विचारण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाचा आहे, आणि तो बजावायला हवा.

अंतर जपलं तरी खात्याचा पासवर्ड एकच असेल तर धोका राहतोच. २०१४ च्या जूनमध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या अ‍ॅमेझॉन खात्यात हल्लेखोर शिरला, त्याने खंडणी मागितली आणि कंपनीने ताबा परत घ्यायचा प्रयत्न करताच सर्व्हरबरोबर बहुतेक बॅकअपही पुसले. सगळं एकाच खात्याच्या अधिकारात होतं. बारा तासांत सारं आटोपलं आणि कंपनीला धंदा बंद करावा लागला. हल्लेखोरच लागतो असंही नाही. २०२४ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या ६ लाखांहून अधिक सभासदांच्या निवृत्ती निधीचा खासगी क्लाउड गूगलकडून आपोआप पुसला गेला. तो उभारताना एक रकाना कोरा राहिला होता, म्हणून यंत्रणेने त्याला एक वर्षाची मुदत लावून टाकली होती. सभासदांची ऑनलाइन सेवा आठवडाभर बंद राहिली. सावरताना दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेले बॅकअप कामी आले. म्हणून किमान एक प्रत वेगळ्या खात्यात, वेगळ्या माणसाच्या परवानगीखाली आणि ठरावीक दिवस कुणालाच पुसता येणार नाही अशा कुलपात हवी. ही सोय मोठ्या क्लाउड कंपन्या देतात, आणि खर्च फार नसतो.

आता पैठणीच्या दुकानाच्या तालमीकडे येऊ. शांत मोसमातली एक सकाळ निवडायची, मुंबईची जोडणी मुद्दाम तोडायची आणि हैदराबादेतून दुकान उभं करायचं. पहिला धडा वेगाचा मिळतो. १ टीबी माहिती सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने उतरवायला २२ तास लागतात. ‘चार तासांत चालू’ असं लिहून ठेवलं असेल तर हे गणित तिथेच कोसळतं. मग डेटाबेस तरी पर्यायी ठिकाणी कायम चालू ठेवावा आणि बाकीचे सर्व्हर गरजेला उभे करावेत, हा मध्यममार्ग सुचतो. दोन्हीकडे पूर्ण दुकान चालू ठेवण्यापेक्षा तो बराच स्वस्त पडतो. पुढे अनपेक्षित गोष्टी समोर येतात. वेबसाइटच्या नावाचा पत्ता बदलला, पण जुनी नोंद २४ तास ग्राह्य धरा असं कधी काळी ठरवून ठेवलेलं असतं, म्हणून ग्राहक बंद दुकानाच्या दारात जात राहतात. पेमेंट गेटवे फक्त मुंबईच्या सर्व्हरचा पत्ता ओळखतो. ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या नावावर आहे. आणि अख्खी योजना ज्या फाइलमध्ये आहे ती फाइल बंद पडलेल्या सर्व्हरवरच आहे. यातली प्रत्येक अडचण सोडवायला अर्धा तास लागतो, पण ती दिवाळीच्या रात्री न कळता श्रावणातल्या मंगळवारी कळली पाहिजे.

तालमीचा उत्तरार्ध बहुतेक जण वगळतात. तो म्हणजे परतणं. हैदराबादेतून दुकान चालू असताना नव्या ऑर्डर तिथे जमतात आणि मुंबईची नोंद जुनी राहते. उलट, जोडणी तुटण्याआधीच्या काही सेकंदांतल्या ऑर्डर फक्त मुंबईत असतात. घाईने जुना सर्व्हर चालू केला तर एकच साडी दोघींना विकली जाते. म्हणून आधी मुंबईचा सर्व्हर ग्राहकांसाठी बंदच ठेवून त्यावर हैदराबादच्या नोंदी चढवायच्या. मग पेमेंट गेटवेची त्या दिवशीची यादी, कुरियरची पावत्यांची यादी आणि ग्राहकांना गेलेले ईमेल समोर ठेवून हरवलेल्या ऑर्डर एकेक करून भरून काढायच्या. पैसे आले पण ऑर्डर सापडत नाही अशा ग्राहकाने तक्रार करायची वाट न पाहता, आपणच फोन करून कोणता रंग आणि कोणते काठ निवडले होते ते विचारायचं.