कांगा लीगचे क्लब आणि त्यांचे रविवार

जुलैतल्या मुंबईत दूध आणायला बाहेर पडायचं तरी माणूस आधी आभाळाकडे बघतो. अशा महिन्यात क्रिकेटची लीग भरवायची, हे बाहेरगावच्या माणसाला वेडेपणाचं वाटेल. पण डॉ. एच. डी. कांगा यांच्या स्मरणार्थ १९४८ साली सुरू झालेली ही स्पर्धा मुळात पावसाळ्यासाठीच आखलेली, आणि तीही रविवारी. खेळणारे बहुतेक जण सोमवार ते शनिवार कुठेतरी नोकरीला किंवा शाळा-कॉलेजात असायचे, त्यामुळे दुसरा वार शक्यही नव्हता.

कांगा लीगवर लिहिणारे सहसा गावसकर, तेंडुलकर अशी नावं घेऊन मोकळे होतात. माझ्या मते ही लीग टिकली ती सोमवारच्या पेपरात बारीक टायपात ज्यांचं आडनाव क्वचित कधी आलं, अशा माणसांमुळे. त्यांचे क्लब कसे चालत, हे इथे सांगतो.

क्लब आले कुठून

मुंबईत एतद्देशीयांपैकी क्रिकेट आधी उचललं पारशांनी. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ चा. हिंदूंचा पहिला क्लब, बॉम्बे युनियन, १८६६ चा. पुढे क्लबांचं पीकच आलं, पण ते बहुतांशी जात, भाषा आणि प्रांत पाहून उगवलं. गौड सारस्वतांचा वेगळा, क्षत्रियांचा वेगळा, गुजराती युनियन वेगळी, तेलुगू तरुणांचा आणखी वेगळा. मरीन लाइन्सच्या समुद्रकाठी पारसी जिमखाना (१८८५), इस्लाम जिमखाना (१८९२) आणि हिंदू जिमखाना (१८९४) ओळीने उभे राहिले, तेही याच वाटण्यांप्रमाणे.

मैदान कुणाचं, हे भांडणही तितकंच जुनं. गोऱ्या साहेबांच्या पोलोच्या घोड्यांनी मैदान उखडून निघायचं आणि त्याच खड्ड्यांत देशी पोरांनी क्रिकेट खेळायचं. पारशांनी याविरुद्ध सरकारकडे अर्ज-विनंत्या केल्या. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली पुस्तक लिहून हा सगळा झगडा नोंदवून ठेवला. क्लबातल्या माणसाने क्लबाचा इतिहास लिहिल्याचं आपल्याकडचं हे फार जुनं उदाहरण, आणि दुर्दैवाने फारसं कुणी न गिरवलेलं.

क्लबांच्या दारात कोण उभं राहू शके, हेही विसरू नये. बाळू पालवणकर हे त्या काळचे देशातले सर्वोत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज. पण पुण्यात हिंदूंच्या संघाकडून खेळताना त्यांना चहा मिळायचा तो बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. विकेट मात्र त्यांच्या हातच्या चालायच्या. विसाव्या शतकात वाड्या, चाळी, कॉलेजं आणि कचेऱ्यांतून नवे क्लब निघाले, तेव्हा ही कुंपणं हळूहळू सैल झाली. जॉन ब्राइट, पार्कोफीन क्रिकेटर्स, फोर्ट विजय, जॉली क्रिकेटर्स ही नावं वाचून संघात कोण खेळतं याचा पत्ता लागत नाही. मला हे चांगलंच लक्षण वाटतं.

कांगा कोण, लीग कशी

होरमसजी कांगा पेशाने डॉक्टर आणि पारशांचे नामांकित फलंदाज. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली १९११ साली जो पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्यात ते होते. बाळू पालवणकरही त्याच संघात होते आणि त्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले.

लीगमध्ये ए ते जी असे सात डिव्हिजन, प्रत्येकात १४ संघ. वरचे खाली येतात, खालचे वर जातात. सामना एका दिवसाचा. पाऊस आणि विकेट यांच्या कृपेने दोन्ही डाव एका दिवसात आटोपून निकाल लागू शकतो, नाहीतर पहिल्या डावातली आघाडी बघायची. ए डिव्हिजनमध्ये समोरून कसोटीपटू धावत येऊ शकतो. जी डिव्हिजनमध्ये कधी कधी समोर असतो पोट सुटलेला, पण टप्पा न सोडणारा एखादा बँकेतला काका, आणि तो जास्त अवघड जातो.

ओली विकेट

कांगा लीगची सगळी गंमत आणि सगळी कटकट इथे आहे. रात्रभर पाऊस पडून गेला की सकाळी विकेट चिंब असते. अशा विकेटवर चेंडू हळू येतो, फारसा वळत नाही, फलंदाज कसाबसा निभावून नेतो. खरी परीक्षा ऊन पडल्यावर. वरचा पापुद्रा सुकतो, खालची माती मऊच राहते. मग एक चेंडू टप्पा पडल्यावर अडतो, दुसरा त्याच टप्प्यावरून बरगडीवर येतो, तिसरा हातभर वळतो. म्हणून टॉस जिंकलेला जाणता कॅप्टन विकेटइतकंच आभाळही बघतो. ऊन येणार असेल तर विकेट ओली आहे तोवरच बॅटिंग उरकून घ्यावी, आणि ढग हटणार नसतील तर प्रश्न पुन्हा पहिल्यापासून.

त्यात मैदानातलं गवत. पावसाळ्यात ते घोट्याच्या वर जातं. जमिनीवरून मारलेला देखणा कव्हर ड्राइव्ह वीस पावलांवर जाऊन रुततो आणि मिळते एक धाव. चौकार हवा तर चेंडू उचलून मारायलाच हवा, आणि उचलून मारायचं तर कॅचची भीती. एरवी मुंबईचा फलंदाज खडूस, विकेट न फेकणारा म्हणून ओळखला जातो. त्याच फलंदाजाला कांगा लीगने नेमका कुठला चेंडू उचलायचा, हेही शिकवलं. चेंडू गवतात सापडेनासा झाला की ‘लॉस्ट बॉल’ अशी आरोळी ठोकायची आणि फलंदाजी करणाऱ्या संघाला सहा धावा द्यायच्या, असा जुना नियम होता. २०१७ च्या नियमावलीत तो स्वतंत्र नियम म्हणून उरला नाही. कांगा लीगवाल्यांनी त्याचा वापर जितका केला असेल, तितका जगात क्वचितच कुणी केला असेल.

गोलंदाजांची दिवाळी असते असं म्हणतात, ते अर्धंच खरं. ओला चेंडू साबणासारखा निसटतो. कमरेला टॉवेल, बोलिंग मार्कवर लाकडाचा भुसा आणि धावताना पाय घसरणार नाही याची काळजी, एवढं सांभाळून टप्पा राखायचा असतो. दादर युनियनच्या विठ्ठल पाटील यांनी ते सांभाळून या लीगमध्ये सातशेहून अधिक बळी घेतले. ते भारताकडून कधी खेळले नाहीत.

तंबू, किटबॅग आणि सेक्रेटरी

आझाद मैदानावर २२ विकेट आहेत. रविवारी त्यावर एकाच वेळी इतके सामने चालतात की तुमचा डीप मिडविकेट शेजारच्या सामन्यातल्या स्लिपशी गप्पा मारत असतो. नवख्या माणसाला कुठला चेंडू आपला, हे कळायलाच अर्धा तास लागतो. क्लबाचं पॅव्हिलियन म्हणजे तंबू. त्यात पत्र्याची पेटी, चारदोन खुर्च्या आणि खांबाला बांधलेल्या दोरीवर वाळत घातलेले मोजे.

क्लब खरा चालवतो सेक्रेटरी. शनिवारी रात्री अकरा डोकी जमवणं हे त्याचं मुख्य काम. एकाच्या घरी साखरपुडा, दुसऱ्याला ताप, तिसऱ्याची बायको माहेरहून यायची. अशा वेळी तंबूत नुसता बघायला आलेला एखाद्याचा धाकटा भाऊ थेट फाइन लेगला उभा राहतो. वर्गणी थकलेली, बॉलचे पैसे सेक्रेटरीच्या खिशातून. बॅट आणि पॅड सामायिक, एकाच किटबॅगेतले. आउट होऊन आलेल्याने पॅड सोडायचे आणि पुढच्याने ते ओलेच बांधायचे. माळ्याला चहा आधी, मग इतरांना, कारण सकाळी सहाला येऊन विकेटवरचं पाणी काढणारा तोच.

दादर युनियन विरुद्ध शिवाजी पार्क

काही क्लबांचं नाव या सगळ्याच्या वर गेलं. माटुंग्याच्या दादर युनियनमध्ये माधव मंत्री, त्यांचे भाचे सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर. शिवाजी पार्क जिमखान्यात विजय मांजरेकर, अजित वाडेकर, पद्माकर शिवलकर. या दोघांचा सामना म्हणजे कामधंदा सोडून बघायला जायची गोष्ट. दादर युनियनची शिस्त कडक, उशीर खपत नसे. कॅप्टन वासू परांजपे एकही कसोटी खेळले नाहीत, पण गावसकरांना ‘सनी’ हे नाव त्यांनीच दिलं आणि कितीतरी पोरांना खेळ समजावला. शिवलकरांच्या नावावर प्रथम श्रेणीत ५८९ बळी आहेत, कसोटी एकही नाही. जॉन ब्राइटकडून सचिन तेंडुलकर कांगा लीगमध्ये उतरला तेव्हा अकरा वर्षांचा होता. मोठ्या माणसांच्या अंगावर येणाऱ्या चेंडूंसमोर एवढ्या वयाचं पोर उभं करणं आज कुणाला पटणार नाही. तेव्हा क्लबात वय विचारत नसत, ‘खेळतो का’ एवढंच विचारत.

मैदानं आता

मेट्रो-३ च्या कामासाठी आझाद मैदानाचा एक भाग बरीच वर्षं अडकून पडला. मुलांना आता सरावासाठी टर्फ आणि अकादमी मिळते, कव्हर घातलेल्या विकेट मिळतात, मग भिजायला कोण येणार? मुंबईने २०२४ साली ४२ वी रणजी जिंकली, तेव्हा क्लब क्रिकेट संपलं अशी रड लावण्यात अर्थ नाही. पण जुने छोटे क्लब विरत चाललेत, हे खरं आहे.

स्कोअरबुक

अशा क्लबाचा इतिहास एकाच ठिकाणी असतो, स्कोअरबुकात. पेन्सिलनेच लिहिलेलं, कारण पाऊस पडला की शाई फुटते. निर्धाव षटकाचे सहा ठिपके जोडून केलेला इंग्रजी ‘एम’, त्यातच विकेट पडली असेल तर तेच ठिपके जोडून ‘डब्ल्यू’. कडेला स्कोअररच्या अक्षरात एखादी नोंद: पाऊस, खेळ थांबला. त्याच पानावर पुढे भारताकडून खेळलेला असतो आणि पुढे पोस्टात निवृत्त झालेलाही, दोघांच्या धावा सारख्याच घरात मांडलेल्या.

ही बुकं तंबूतल्या पेटीत ओल लागून, वाळवी लागून जातात किंवा सेक्रेटरी गेल्यावर घरचे रद्दीत घालतात. तुमच्या घरात वडिलांचं, काकांचं असं एखादं बुक असेल तर आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. संघाचा ग्रुप फोटो असेल तर त्याच्या मागे डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं पेन्सिलने लिहा, आणि ज्यांची आठवत नाहीत ती क्लबातल्या जुन्या माणसांना फोन करून या आठवड्यातच विचारून घ्या.