सॉकेट जोडणी : 'जोडले गेले' म्हणजे नेमके काय झाले?

प्रस्तावना

शिष्यवृत्तीचा वा प्रवेशाचा अर्ज अखेरच्या दिवशी भरताना कन्नडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी विद्यार्थ्यांना तीन प्रकारचे अनुभव येतात. कधी 'जोडणी नाकारली' असा संदेश क्षणार्धात येतो. कधी पडदा कोरा राहून अखेर 'मुदत संपली' असे दिसते. आणि कधी अर्ज गेल्यासारखा वाटतो, परंतु पोचक्रमांक मिळत नाही. तिन्ही प्रसंगी 'नेट नाही' हे एकच निदान केले जाते. वस्तुतः हे तीन भिन्न दोष आहेत आणि त्यांतील तिसरा सर्वाधिक घातक होय. तो समजण्यासाठी सॉकेट जोडणीची प्रक्रिया पाहणे आवश्यक आहे.

सॉकेटची घडण

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील केंद्राने 1983 मध्ये प्रसृत केलेल्या 4.2 बीएसडी या युनिक्स आवृत्तीतून सॉकेट ही संकल्पना रूढ झाली. आज्ञावलीच्या दृष्टीने सॉकेट म्हणजे उघडलेल्या फाइलसारखाच एक क्रमांक. सर्व्हरची आज्ञावली 'सॉकेट' या आवाहनाने तो मिळविते, 'बाइंड'ने त्याला पत्ता व पोर्ट देते, 'लिसन'ने तो श्रवणासाठी खुला करते आणि 'ॲक्सेप्ट'ने आलेली जोडणी हाती घेते. क्लायंटला मात्र 'सॉकेट' आणि 'कनेक्ट' एवढेच पुरते.

येथे विद्यार्थ्यांची एक चूक वारंवार आढळते. श्रवण करणारा सॉकेट आणि संवाद करणारा सॉकेट एकच आहे असे ते धरून चालतात. 'ॲक्सेप्ट' प्रत्येक वेळी नवा सॉकेट देते. मूळ सॉकेट पुढील आगंतुकासाठी मोकळाच राहतो. म्हणूनच 443 या एकाच पोर्टवर हजारो जोडण्या नांदू शकतात. दोन्ही बाजूंचे पत्ते व दोन्ही बाजूंची पोर्टे या चौकडीवरून प्रत्येक जोडणी ओळखली जाते.

तीन निरोप

'कनेक्ट' म्हणताच क्लायंटचे कर्नल 'सिन' हा निरोप आपल्या 32 बिटांच्या प्रारंभिक क्रमांकासह धाडते. सर्व्हरचे कर्नल त्याची पोच व स्वतःचा क्रमांक एकत्र पाठविते. क्लायंट त्या क्रमांकाची पोच देतो. दोन निरोपांत हे भागत नाही, कारण आपला क्रमांक समोरच्यास मिळाला याची खात्री दोघांनाही हवी असते. शिवाय वाटेत रेंगाळलेला जुना 'सिन' नव्या जोडणीचा आभास निर्माण करू शकतो.

त्या पोर्टवर कोणीही श्रवण करीत नसेल, तर यंत्र सहसा 'रीसेट' धाडते. हाच पहिला अनुभव. यात नेट सुरळीत असते. निरोप यंत्रापर्यंत पोहोचून परत आलेला असतो. दुसऱ्या अनुभवात उत्तरच येत नाही. वाट तुटलेली असेल, मधल्या सुरक्षाभिंतीने निरोप गिळला असेल, किंवा सर्व्हरची प्रतीक्षारांग भरली असेल. रांग भरल्यावर लिनक्स सामान्यतः नकार न देता 'सिन' मुकाट्याने टाकून देते. या रांगेची मूळ कमाल मर्यादा पूर्वी 128 होती. 2019 च्या 5.4 आवृत्तीपासून ती 4096 झाली. अखेरच्या दिवशीच्या गर्दीत ही रांग तोकडी पडली तर कन्नडमधील नेटला दोष देऊन काय उपयोग?

पोच कोणाची?

तिसरा अनुभव जुन्या इतिहासाशी नाते सांगतो. 1986-87 मध्ये मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था व पाच आयआयटी यांना जोडणाऱ्या अर्नेटवर प्रारंभी यूयूसीपी पद्धतीचे टपाल चाले. संगणक दूरध्वनी लावून टपाल पुढच्या यंत्राच्या स्वाधीन करीत. दिल्ली-मुंबई ही 9.6 किलोबिट वेगाची स्वतंत्र वाहिनी जानेवारी 1991 मध्ये आली. पुढच्या यंत्राने टपाल घेतले म्हणजे वाचकाने ते वाचले, असा समज त्या काळी कोणी करून घेत नसे. थेट जोडणी आल्यावर मात्र हा विवेक सुटला.

1981 च्या आरएफसी 793 या टीसीपीच्या प्रमाणपत्रिकेतच स्पष्ट केले आहे की, पोच म्हणजे समोरच्या टीसीपीने जबाबदारी घेतली एवढेच; अंतिम वापरकर्त्यास मजकूर मिळाल्याची ती हमी नव्हे. 'सेंड' यशस्वी होणे याचा अर्थ तर त्याहूनही मर्यादित आहे : मजकूर स्वतःच्याच कर्नलच्या साठ्यात उतरला. म्हणून अर्जाची पोच सर्व्हरवरील आज्ञावलीनेच, माहिती नोंदवून झाल्यावर, द्यावी लागते. पोचक्रमांक हे काम करतो. तो नसेल तर अर्ज दाखल झाला असे समजता येत नाही.

प्रयोगशाळेत हे दहा मिनिटांत दाखविता येते. 'लिसन'नंतर 'ॲक्सेप्ट' न करता केवळ झोपी जाणारा सर्व्हर लिहावा. क्लायंटने जोडणी करून एक ओळ पाठवावी व बाहेर पडावे. 'कनेक्ट' आणि 'सेंड' दोन्ही यशस्वी होतात. क्लायंट बाहेर पडण्यापूर्वी 'नेटस्टॅट' चालविल्यास जोडणी प्रस्थापित दिसते. नंतर सर्व्हर बंद करावा. ती ओळ कोणीही वाचलेली नसते, आणि क्लायंटच्या पडद्यावर एकही त्रुटी उमटलेली नसते.