गुंजन व श्वसन : शारीरिक परिणाम

ओठ मिटून व नाकावाटे उच्छ्वास सोडीत कंठातून काढलेल्या अखंड ध्वनीस गुंजन म्हणतात. भुंग्याच्या आवाजाशी असलेल्या साम्यामुळे त्यावर आधारलेल्या प्राणायामास हठयोगात ‘भ्रामरी’ हे नाव आहे. जात्यावर दळताना ओवीच्या चरणाअखेरीस लांबविलेला सूर, बाळाला निजविताना आईने मिटल्या तोंडाने धरलेली चाल, भजनाच्या आरंभी तंबोऱ्याशी आवाज मिळविण्याची क्रिया ही याच प्रकारची नित्य परिचयाची उदाहरणे होत. गुंजनाने मन निवते हा अनुभव जुना आहे. त्याची शरीरक्रियावैज्ञानिक कारणे मात्र विसाव्या शतकातच स्पष्ट होऊ लागली आणि त्यांच्याबरोबर या क्रियेविषयीचे अनेक अवास्तव दावेही प्रसृत झाले.

ध्वनी व शरीर : विशिष्ट कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येचा) ध्वनी स्वतःच आरोग्यकारक असतो, हा अशा दाव्यांपैकी सर्वांत लोकप्रिय होय. त्याचा फोलपणा नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातील खापरखेडा येथील औष्णिक विद्युत् केंद्राच्या उदाहरणाने ध्यानात येईल. २१० मेगॅवॉटचे चार व ५०० मेगॅवॉटचा एक अशा पाच संचांमुळे २०११ पासून या केंद्राची स्थापित क्षमता १,३४० मेगॅवॉट झाली. अशा संचांतील टरबाइन मिनिटास ३,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदास ५०. भारतातील विद्युत् प्रवाहाची कंप्रताही तेवढीच आहे. रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) लोखंडी गाभा प्रवाहाच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा प्रसरण पावून आकुंचित होतो. त्यामुळे रोहित्राच्या घुमण्याची मूळ कंप्रता १०० हर्ट्‌झ असते. प्रौढ पुरुष खालच्या सुरात गुणगुणतो तेव्हा त्याच्या आवाजाची मूळ कंप्रताही साधारणपणे १०० ते १३० हर्ट्‌झ एवढीच असते. सूर जवळजवळ एकच. पण एकाने कामगार दिवसभर त्रासतो आणि दुसऱ्याने त्याला विसावा मिळतो. हा फरक कंप्रतेतून आलेला नाही. ध्वनीची तीव्रता, तो कानावर पडण्याचा कालावधी, त्याच्याबरोबर श्वासाला येणारी गती आणि ध्वनी थांबविणे ऐकणाऱ्याच्या हाती आहे की नाही, यांवर तो अवलंबून असतो.

टरबाइनचे दालन, कोळसा दळणाऱ्या चक्क्या व हवेचा पुरवठा करणारे मोठे पंखे यांच्यापाशी कोणत्याही औष्णिक केंद्रात ध्वनीची पातळी बहुधा ८५ डेसिबेलच्या वर असते. डेसिबेल हे प्रमाण लघुगणकीय आहे. १० डेसिबेलची वाढ म्हणजे तीव्रता दसपट होणे. भारतातील कारखान्यांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबेल ही मर्यादा मानली जाते. निवासी भागासाठी २००० च्या नियमांनी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल अशी मर्यादा घातली आहे. अतितीव्र ध्वनीने अंतर्कर्णातील केशकोशिका प्रथम शिणतात व विश्रांतीनंतर सावरतात. मात्र आघात वर्षानुवर्षे चालू राहिल्यास त्या मरतात आणि माणसात त्यांची पुनर्निर्मिती होत नाही. ‘कान आता सरावले’ असे जुना कामगार सांगतो, तेव्हा पुष्कळदा त्याची श्रवणशक्तीच उणावलेली असते. ही हानी प्रथम ४,००० हर्ट्‌झच्या आसपास होते. त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजने नीट कळेनाशी होतात आणि घरची माणसे पुटपुटतात अशी त्याची तक्रार सुरू होते. याखेरीज सततच्या गोंगाटाने अनुकंपी तंत्रिका तंत्र (शरीरास धावपळीसाठी सज्ज करणारी यंत्रणा) उद्दीपित राहून झोपमोड होते व रक्तदाब वाढण्याकडे कल होतो.

श्वसनाची गती : विश्रांत स्थितीत प्रौढ व्यक्ती मिनिटास सुमारे १२ ते २० श्वास घेते व एका श्वासात सु. ५०० मिलि. हवा आत जाते. तीपैकी सु. १५० मिलि. हवा श्वासनाल व त्याच्या शाखांतच राहते, वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून मिनिटास ६ लिटर हवा घेण्याचे तीन मार्ग सारखे ठरत नाहीत. २५० मिलि.चे उथळ २४ श्वास घेतल्यास वायुकोशांत २.४ लि., ५०० मिलि.चे १२ घेतल्यास ४.२ लि. व १,००० मिलि.चे संथ ६ घेतल्यास ५.१ लि. हवा पोहोचते. संथ श्वसनाची किफायत ती हीच. मात्र दीर्घ श्वासाने रक्तात ‘भरपूर प्राणवायू’ साठतो ही समजूत चुकीची आहे. निरोगी माणसाच्या रोहिणीतील हीमोग्लोबिन नेहमीच्या श्वसनानेही ९५ टक्के वा अधिक संपृक्त असते.

खरा परिणाम हृदय व तंत्रिका तंत्रावर होतो. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते व सोडताना मंदावते. कार्ल लूटव्हिख या जर्मन शरीरक्रियावैज्ञानिकांनी १८४७ मध्ये याची नोंद केली. उच्छ्‌वासाच्या वेळी प्राणेशा तंत्रिकेचा (मस्तिष्कापासून हृदय, फुप्फुसे व जठरापर्यंत जाणाऱ्या तंत्रिकेचा) हृदयावरील लगाम घट्ट होतो, हे त्याचे मुख्य कारण. गुंजनात श्वास चटकन घेतला जातो व ध्वनी टिकविण्यासाठी उच्छ्‌वास आपोआप लांबतो. श्वसन मिनिटास सहाच्या आसपास आले, की श्वासाचे दहा सेकंदांचे आवर्तन रक्तदाबाच्या स्वाभाविक चढउताराच्या आवर्तनाशी जुळते आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षेपी क्रिया अधिक तत्पर होते. इटलीतील एल. बेर्नार्दी व त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये २३ व्यक्तींवर केलेला प्रयोग या दृष्टीने उद्‌बोधक आहे. लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना व ‘ओम् मणि पद्मे हुम्’ हा मंत्र या दोहोंच्या पठनाने श्वसन मिनिटास सुमारे सहावर आले व परिणामही सारखाच दिसला. दोन भिन्न धर्मांच्या उपासकांना एकच लय सापडली होती. सामुदायिक भजनात अनेकांचे श्वास एकाच जागी तुटतात, तेव्हाही असेच काही घडत असावे. स्वीडनमध्ये २०१३ मध्ये समूहगायकांच्या नाडीतील चढउतार एकमेकांशी जुळल्याचे आढळून आले.

नासापरिकोटरे व नायट्रिक ऑक्साइड : कवटीच्या हाडांतील नाकाला जोडलेल्या पोकळ्यांना नासापरिकोटरे म्हणतात. त्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू सतत तयार होतो. तो रक्तवाहिन्या रुंदावतो, सूक्ष्मजंतूंच्या वाढीस विरोध करतो व पक्ष्माभिकांची (श्लेष्मा पुढे ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांसारख्या वाढींची) हालचाल वाढवितो. रक्ताभिसरणातील त्याच्या कार्याच्या शोधाबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नॅरो व फेरीद मुराद यांना १९९८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्टॉकहोम येथील एडी वाइट्सबेर्ग व यॉन लुंडबेर्ग यांना २००२ मध्ये असे आढळले, की शांतपणे सोडलेल्या उच्छ्‌वासाच्या तुलनेत गुंजन करताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड सुमारे १५ पट असतो. ध्वनीच्या कंपनांनी कोटरांतील कोंडलेली हवा अरुंद छिद्रांतून वेगाने आतबाहेर होते, हे याचे स्पष्टीकरण. कोटरांचे वायुवीजन सुधारते हे यावरून सिद्ध होते. जुनाट पीनस बरा होतो असा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

भारतीय परंपरा व संशोधन : स्वात्मारामांच्या हठयोगप्रदीपिकेत (पंधरावे शतक) भ्रामरीची गणना आठ कुंभकांत केली आहे. तीत श्वास घेताना व सोडताना अनुक्रमे भ्रमराचा व भ्रमरीचा ध्वनी सांगितला आहे. नंतरच्या घेरण्डसंहितेत मध्यरात्रीनंतर, निःशब्द जागी, हातांनी कान झाकून आतले नाद ऐकण्याचा विधी आहे. कान झाकले असता स्वतःचा आवाज हाडांतून वहन पावून मोठा ऐकू येतो. कर्णरोधक घालून गुणगुणणाऱ्या कामगारालाही हाच अनुभव येतो. योगक्रियांची उपकरणांच्या साह्याने तपासणी करण्याचा पद्धतशीर उपक्रम महाराष्ट्रात स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी लोणावळा येथे १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून सुरू केला व योगमीमांसा या नियतकालिकातून निष्कर्ष प्रसिद्ध केले. बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिका विज्ञान संस्थेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ओंकाराच्या मोठ्याने उच्चाराच्या वेळी मेंदूच्या भावनांशी निगडित भागांतील क्रियाशीलता घटलेली दिसली. नुसत्या ‘स्स्स’ अशा ध्वनीने तसे झाले नाही. तथापि तपासलेल्या व्यक्ती अवघ्या १२ होत्या. या विषयातील बहुतेक प्रयोग असेच लहान आहेत. शिवाय आपण गुंजन करीत आहोत हे प्रयोगातील व्यक्तीपासून लपविता येत नाही, ही अडचण कायमचीच आहे.

मर्यादा : भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४५ टक्के असल्याने औष्णिक केंद्राच्या परिसरात उडत्या राखेचा प्रश्न गंभीर असतो. २.५ मायक्रोमीटरहून लहान कण वायुकोशांपर्यंत जातात. नाकातील वा कोटरांतील हवा हलविणारे गुंजन तेथवर काहीच करू शकत नाही, आणि सिलिकेच्या कणांनी फुप्फुसात पडलेले व्रण कोणत्याही प्राणायामाने भरून येत नाहीत. उलट धुळीच्या जागी केलेल्या दीर्घश्वसनाने हे कण अधिक खोल जातात. सराव करावयाचा तो धूळ नसलेल्या ठिकाणीच. भस्त्रिकेसारख्या जलद श्वसनाचा अतिरेक झाल्यास रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड घटून मेंदूच्या वाहिन्या आकुंचन पावतात व घेरी येते. संथ गुंजनात हा धोका नसतो. कान फुटलेला असताना वा वाहत असताना तो दाबून बंद करू नये. रक्तदाबात काही एककांची घट होऊ शकते. ती औषधे बंद करण्यास पुरेशी नसते.

ध्वनिजन्य बधिरता व सिलिकामय फुप्फुसविकार हे दोन्ही २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत अधिसूचित रोग म्हणून समाविष्ट होते. असा रोग जडलेल्या कामगारास तपासणाऱ्या वैद्यावर तो कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकास लेखी कळविण्याचे बंधन त्या अधिनियमाने घातले होते. दोन्ही रोग असाध्य असले, तरी ठरावीक काळाने केलेल्या श्रवणमापनाने व छातीच्या क्ष-किरण तपासणीने ते बळावण्यापूर्वी ओळखता येतात.