शिक्षेचे माप आणि गरीब आईबाप

‘गुन्हा तसा दंड’ हे सूत्र आपणां सर्वांना न्याय्य वाटते. पण एकच दंड दोन माणसांना सारखाच जड जातो काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. अमेरिकेतील दोन आयांच्या खटल्यांवरून तो तपासून पाहू.

पहिली आई ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहराची. शाळेत मदतनीस म्हणून नोकरी करीत ती स्वतः शिक्षिका होण्यासाठी शिकत होती. दोन मुलींना शेजारच्या चांगल्या सरकारी शाळेत घालता यावे म्हणून तिने कागदोपत्री त्यांच्या आजोबांचा पत्ता दिला. तिकडे शाळांचा बराच खर्च स्थानिक मालमत्ता करातून चालतो. म्हणजे घरे महाग तेथे शाळा संपन्न. या करावर इतकी भिस्त ठेवणारी व्यवस्था राज्यघटनेला धरून नाही, असे ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ सालीच ठरविले होते. तरीही २०११ च्या जानेवारीत खोट्या कागदपत्रांबद्दल या बाईला ५ वर्षांची शिक्षा झाली. ती स्थगित ठेवून १० दिवसांचा तुरुंगवास देण्यात आला. पण गंभीर गुन्ह्याचा शिक्का बसला आणि शिक्षिका होण्याची वाटच बंद होऊ लागली. अखेर सप्टेंबरात गव्हर्नर जॉन केसिक यांनी पॅरोल मंडळाचा प्रतिकूल सल्ला बाजूस सारून गुन्ह्याचे स्वरूप सौम्य केले.

दुसरी आई हॉलिवूडची नटी फेलिसिटी हफमन. मुलीच्या प्रवेशपरीक्षेतील उत्तरे दुरुस्त करविण्यासाठी तिने १५,००० डॉलर मोजले. २०१९ साली बोस्टनच्या न्यायालयाने तिला १४ दिवस कैद, ३०,००० डॉलर दंड आणि २५० तास समाजसेवा अशी शिक्षा दिली.

न्यायालये वेगळी, कायदे वेगळे, आणि नटीने गुन्हा कबूल केला होता, हे खरे. दिवस मोजले तर श्रीमंत आईलाच चार अधिक! पण एकीने गुण विकत घेतले. दुसरीला हवी होती ती सरकारी शाळाच. आणि जो दंड नटी भरू शकते, तो मदतनिसाचे घर बुडवील. तेव्हा नुसते दिवस आणि डॉलर मोजून न्यायाचे माप पुरे होत नाही.

यावर उपाय नाहीत असे नाही. फिनलंडने १९२१ पासून दंड मिळकतीवर बेतला आहे: गुन्हा जेवढा मोठा तेवढे दिवस, आणि दर दिवसाची रक्कम ज्याच्या त्याच्या मिळकतीप्रमाणे. संयुक्त राष्ट्रांनी २०१० साली मान्य केलेले ‘बँकॉक नियम’ सांगतात की, पदरी मुले असलेल्या स्त्रीला शक्य तेथे तुरुंगाबाहेरची शिक्षा द्यावी.

आपल्याकडेही दंड न भरल्यास कैद आहेच. म्हणजे पैसेवाला घरी, गरीब तुरुंगात. शिक्षेचे प्रमाण ठरविण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे असावीत, असे मलिमठ समितीने २००३ साली सुचविले होते. ती करताना ऐपत, मुलांचे पालनपोषण आणि शिक्षेनंतरची उपजीविका या तीन गोष्टी न्यायाधीशाने पाहिल्याच पाहिजेत, असा आग्रह आपण नागरिकांनी धरावयास हवा. कारण आईला दिलेली शिक्षा घरातली लेकरेही भोगतात, आणि त्यांच्यावर तर कोणताच आरोप नसतो.