कलम बांधणारे हात

छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळ, सलीम अली सरोवराच्या शेजारी हिमायतबाग आहे. सतराव्या शतकातली ही बाग. पूर्वी तिला मुघल बाग म्हणत. सुमारे 300 एकरांचा हा परिसर आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राचा आहे. सकाळी फिरायला येणाऱ्यांना इथे गर्द सावली दिसते. बागायतदार मात्र इथे मातृवृक्ष बघायला आणि रोपं न्यायला येतो. मृगाचा पाऊस पडला की रोपवाटिकेतली लगबग वाढते आणि एक जुनं, अवघड काम सुरू होतं: कलम बांधणं.

हे काम करणाऱ्यांची नोंद हजेरीपटावर बहुतेक वेळा ‘मजूर’ अशीच होते. फळबागेतल्या रोजगाराबद्दल बोलताना मला आधी हेच सांगावंसं वाटतं, की ही नोंद चुकीची आहे. हे कौशल्याचं काम आहे, आणि त्यातल्या चुकीची किंमत चार-पाच वर्षांनी, तीही दुसऱ्याच्या शेतात मोजली जाते.

आंब्याचं कोय कलम घ्या. जूनमध्ये कोयी पेरतात. रोप दहा-पंधरा दिवसांचं होतं, पानं अजून तांबूस असतात, दांडा कोवळा असतो. तेव्हाच ते कलमासाठी योग्य. पानं हिरवी झाली, दांडा निबर झाला की यश घटत जातं. या रोपाचा शेंडा उडवून मधोमध बोटाच्या दोन पेरांएवढी खाच घ्यायची. वरची काडी केसरसारख्या हव्या त्या जातीच्या झाडाची: तीन-चार महिने वयाची, खुंटाएवढ्याच जाडीची, शेंड्याचा डोळा फुगलेला पण न उमललेला. ती कापण्याआधी आठ-दहा दिवस झाडावरच तिची पानं छाटून फक्त देठ ठेवतात. देठ हात लावताच गळून पडले की काडी तयार झाली.

मग काडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा काप. चाकू एकदाच फिरायला हवा. दुसऱ्यांदा फिरला की काप खडबडीत होतो, मध्ये हवा राहते आणि सांधा धरत नाही. सालीच्या लगेच आत जो ओलसर, हिरवट पापुद्रा असतो, तोच वाढणारा भाग. खुंटाचा पापुद्रा आणि काडीचा पापुद्रा एकमेकांना भिडले पाहिजेत. जाडी जुळत नसेल तर काडी मध्यावर बसवायची नाही, एका कडेला लावून एक बाजू तरी जुळवायची. नवशिका काडी मधोमध बसवतो, कारण ते दिसायला नीट दिसतं. दोन्ही कडा चुकतात आणि कलम वाळतं. वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची, शेंड्यावर लहान पिशवीची टोपी घालायची. कोकणात पावसाळी हवाच काडीला ओल देते. मराठवाड्यात पावसाने आठ दिवस दडी मारली की हवा कोरडी पडते, म्हणून इथल्या रोपवाटिकेत शेडनेट, टोपी आणि सकाळ-संध्याकाळची फवारणी या तिन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

दोन-तीन आठवड्यांत डोळा फुगतो. पण काम इथे संपत नाही. पट्टी वेळेवर सोडली नाही तर वाढणाऱ्या खोडात ती रुतते. खुंटाला खालून फुटवे येतात, ते सतत खुडावे लागतात. मोसंबीत याचा परिणाम फार वाईट होतो. मोसंबीचा डोळा रंगपूर लिंबू किंवा जंबेरीच्या खुंटावर भरतात. खुंटाची फूट काढली नाही तर ती जोमाने वाढते, मोसंबीची फांदी मागे पडते आणि काही वर्षांनी शेतकऱ्याच्या हाती आंबट लिंबं येतात. तोवर त्याने खड्डे, खत, ठिबक, राखण असा सगळा खर्च केलेला असतो.

म्हणूनच रोपवाटिकेत चाकूइतकंच महत्त्व नोंदवहीला आहे. कोणती काडी कोणत्या मातृवृक्षाची, कोणत्या दिवशी बांधली, कोणत्या वाफ्यात ठेवली, हे लिहिणारा माणूस प्रामाणिक आणि टापटिपीचा हवा. रोप लहान असताना ते केसर आंब्याचं की रायवळ, हे ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. शेतकरी रोप विकत घेतो ते निव्वळ विश्वासावर. हिमायतबागेतल्या केंद्राने चिंचेची ‘प्रतिष्ठान’ ही जात दिली. चिंचेचं झाड पिढ्यानपिढ्या बांधावरचं, चिंचोक्यापासून उगवलेलं, दहा-दहा वर्षं वाट बघायला लावणारं; निवडक झाडाची काडी कलमाने वाढवता आली म्हणून ते बागेत आलं. निवड संशोधकाची असली तरी तीच निवड हजारो रोपांत शाबूत ठेवण्याचं काम कलम बांधणाऱ्यांचं असतं.

1990 च्या सुमारास राज्याने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली आणि कलमांची मागणी एकदम वाढली. पैठण, पाचोड, अंबड, बदनापूर या पट्ट्यात मोसंबी पसरली. केसर आंबाही इथे रुजला. 2016 मध्ये जालन्याची मोसंबी, मराठवाड्याचा केसर आणि बीडचं सीताफळ यांना भौगोलिक मानांकन मिळालं. बागा वाढल्या, पण बाग सांभाळणारे जाणते हात त्या प्रमाणात वाढले नाहीत. ही उणीव आजही जाणवते.

बाग सांभाळणं म्हणजे काय, ते मोसंबीच्या ताणावरून कळतं. आंबे बहार धरायचा तर हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडावं लागतं. हलक्या जमिनीत महिनाभराचा ताण पुरतो, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने लागतात. पानं पिवळसर पडून पाव हिस्सा गळाली की ताण बसला असं समजतात. मग पहिलं हलकं पाणी, आंबवणी. काही दिवसांनी दुसरं, चिंबवणी. ताण कमी पडला तर फुलं तुरळक येतात, जास्त झाला तर फांद्या वाळतात. कॅलेंडर बघून हे जमत नाही. मुठीत माती घेऊन, पानाचं वळण बघून ठरवावं लागतं, आणि शेजारच्या दोन शेतांत उत्तर वेगळं येऊ शकतं.

डिंक्या रोगाचंही तसंच. खोडातून डिंक वाहू लागला की मूळ कुजायला लागलेलं असतं. म्हणून लावतानाच कलमाचा सांधा जमिनीच्या वर ठेवायचा आणि पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो मलम लावायचं: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवायचे, भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं घ्यायचं. तयार मिश्रणात लोखंडी सळई बुडवून बघायची. तिच्यावर तांब्याचा लालसर थर चढला तर चुना कमी पडला आहे. तसंच लावलं तर साल भाजते. ही परीक्षा शाळेतल्या रसायनशास्त्राचीच आहे, आणि शाळा अर्ध्यावर सुटलेली कितीतरी माणसं ती रोज अचूक करतात.

2012-13 च्या दुष्काळाने या सगळ्या जाणतेपणाची कसोटी पाहिली. जायकवाडीच्या काठच्या तालुक्यांतसुद्धा बागांना टँकरचं पाणी विकत घ्यावं लागलं. अनेक शेतकऱ्यांनी वाळलेल्या मोसंबीवर कुऱ्हाड चालवली. ज्यांच्या बागा तगल्या, त्यांतल्या पुष्कळांनी वेळीच कठोर निर्णय घेतले होते: फळं काढून टाकली, फांद्या छाटून पानांचा भार कमी केला, आळ्यात तुरकाट्या आणि भुशाचं आच्छादन घातलं, केओलिन फवारलं, मिळेल ते पाणी मडक्यातून थेंबथेंब मुळाशी दिलं. यंदाचं पीक सोडून झाड वाचवायचं, हे वेळेत ठरवता येणं हे बागवानाच्या कामातलं सर्वांत कठीण कौशल्य आहे. कोणत्याही प्रमाणपत्रावर ते लिहिलेलं नसतं.

या क्षेत्रात फळबागेबाहेरही कामं आहेत. बीबी का मकबऱ्याच्या चारबागेची हिरवळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची उद्यान शाखा राखते. महापालिकेला सिद्धार्थ उद्यानासाठी माळी लागतात. जालना आणि देऊळगाव राजा भागात भाजीपाल्याच्या संकरित बियाण्यांच्या शेडनेटमध्ये बाया ‘क्रॉसिंग’ला जातात: उमलायच्या आधी टोमॅटोच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या वाणाचे परागकण लावायचे, फुलाला खूण करायची. एक कळी सुटली आणि स्वपरागीकरण झालं तर बियाण्याची शुद्धता जाते. डोळ्यांची आणि बोटांची एवढी एकाग्रता लागणारं काम करणाऱ्या बायांची मजुरी निंदणीपेक्षा फार वेगळी नसावी, हे मला पटत नाही.

शिकायची सोय आहे. परभणीचं वसंतराव नाईक कृषी विद्यापीठ 1972 पासून आहे, उद्यानविद्येची पदवी आहे, दहावीनंतर मराठीतून कृषी तंत्र पदविका करता येते, पैठण रोडचं आणि गांधेलीचं कृषी विज्ञान केंद्र प्रशिक्षणं घेतं. पदवीधराला मातीपरीक्षण अहवाल, विद्राव्य खतांचं गणित, निर्यातीसाठी कीडनाशक अंशांचे नियम कळतात. हे ज्ञान आज लागतंच. पण मी नोकरी देणारा असतो तर मुलाखतीत उमेदवाराच्या हातात चाकू आणि एक काडी दिली असती, आणि ज्याला वीस वर्षांचा अनुभव आहे पण कागद नाही त्याला त्याच टेबलाशी बसवून पदवीधराइतकाच पगार विचारायला लावला असता. कलमं नगावर बांधून घ्यायची असतील तर पैसे बांधलेल्या नव्हे, जगलेल्या कलमांवर द्यावेत, आणि दरही त्या मानाने चांगला ठेवावा. मग घाईने बांधणाऱ्यापेक्षा नीट बांधणाऱ्याचा फायदा होईल.

घाई करायची की नीट काम, हाच प्रश्न मे महिन्यात केसर उतरवतानाही येतो. झाडावर पाड लागला, म्हणजे पहिला आंबा आपोआप पिकून पडला, की उतरणी जवळ आली. देठापाशी फळाचे खांदे वर आलेले दिसायला हवेत. शंका असेल तर दोन-चार फळं बादलीत टाकावीत. बुडली तर पक्व, तरंगली तर आठवडाभर थांबायचं. उतरवायचा तो झेल्याने, काही सेंटिमीटर देठासह, नाहीतर चीक सालीवर ओघळून काळे डाग पडतात आणि तोच आंबा बाजारात निम्म्या भावाने जातो. सकाळी लवकर सुरुवात करून ऊन चढायच्या आत फळ सावलीत आणावं लागतं. भाव वर असताना, व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी असताना ‘अजून आठ दिवस थांबा’ असं मालकाला सांगू शकणारा उतरणीचा मुकादम ज्या बागेला मिळतो, तिथला आंबा गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही नाव घेऊन मागतं.