आधी थंडावा, मग ताकद

राष्ट्रीय महामार्ग ५२ सोलापूरहून पुढे तुळजापूर-धाराशिव-येडशी करत बीडवरून छत्रपती संभाजीनगर गाठतो. त्या शहराजवळ शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आहे. स्कोडाची ऑक्टाविया भारतात आली ती २००१ साली, याच शेंद्र्यातून. २००४ मध्ये तिचीच तिखट बहीण आली, ऑक्टाविया आरएस. १.८ लिटरचं इंजिन, चार सिलिंडरांत वीस व्हॉल्व्ह, टर्बो आणि १५० अश्वशक्ती. आपल्याकडे विकल्या गेलेल्या पहिल्या टर्बो पेट्रोल मोटारींत तिचं नाव घेतलं जातं. मराठवाड्याचा आणि टर्बोचा असा जुना घरोबा आहे. म्हणून टर्बो गाडीची ताकद वाढवताना इंजिन तापू कसं द्यायचं नाही आणि गिअरबॉक्स टिकवायचा कसा, हे एमएच-२५च्या, म्हणजे आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या नजरेनं पाहायला हरकत नाही.

ताकद वाढवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. लॅपटॉप जोडायचा, इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलायचे, टर्बोचा दाब वाढवायचा. याला सगळे रिमॅप म्हणतात. आरएसचा मूळ टॉर्क २१० न्यूटन मीटर. नुसत्या रिमॅपवर तो पावणेतीनशेच्या पुढे जातो. तासाभरात काम होतं, गाडी सुसाट पळते, मित्र खूश होतात. बिल नंतर येतं, आणि ते दोन ठिकाणांहून येतं.

पहिलं ठिकाण उष्णतेचं. पेट्रोल जळून निघालेल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच चाकांना मिळते. बाकीची सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. ताकद वाढली की वाया जाणारी उष्णताही त्याच प्रमाणात वाढते. रेडिएटर मात्र कंपनीने बसवला तेवढाच राहतो. त्यात टर्बोचा स्वतःचा ताप वेगळा. जोरात हाणलेल्या पेट्रोल गाडीत टर्बोच्या चक्रावर येणारा धूर नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. ते चक्र मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतं, आणि त्याच्या दांड्याला आधार असतो तेलाच्या पातळ थराचा.

आता धाराशिवचा मे महिना घ्या. बाहेर चाळीस अंश. टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला की ती आपोआप तापते. भौतिकशास्त्राचं साधं गणित मांडलं आणि टर्बोची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा १३५ ते १४० अंशांची असते. पहाटेच्या वीस अंशांत तीच ११० च्या आसपास असते. गरम हवा विरळ असते, म्हणजे सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी जातो. त्याहून वाईट म्हणजे ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचायची वाट न पाहता उरलेलं पेट्रोल आपोआप पेट घेऊ लागतं. गाडी नॉक करते ती यामुळेच. संगणकाला ते कळलं तर तो ठिणगीची वेळ मागे घेतो आणि पैसे देऊन मिळवलेली ताकद काढून घेतो. नाही कळलं तर पिस्टनची कड तुटते.

यावरचा इलाज म्हणजे इंटरकूलर. जुन्या आरएसमध्ये तो पुढच्या बंपरच्या एका कोपऱ्यात, चाकाजवळ बसवलेला लहानसा डबा आहे. एक-दोनदा जोर लावेपर्यंत तो ठीक काम करतो, मग स्वतःच तापून बसतो. येडशीच्या घाटात उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रेंगाळली, की त्याला वाराच मिळत नाही. म्हणून जाणकार पहिला खर्च करतात तो बंपरच्या मधोमध, सरळ वाऱ्यात बसणाऱ्या मोठ्या इंटरकूलरवर. हवा शंभरऐवजी साठ अंशांवर आत गेली तर तेवढ्याच दाबात प्राणवायू सुमारे बारा टक्के जास्त जातो. रिमॅपने दाब वाढवून मिळतं तेच, पण इथे ते इंजिनाला न जाळता मिळतं.

मोठा इंटरकूलर बसवला की त्याच्यामागच्या रेडिएटरचा वारा थोडा अडतो, हेही लक्षात ठेवायला हवं. आमच्या भागात त्यात आणखी भर पडते: हंगामात पाचट, कडब्याचा भुसा, रस्त्यावरची धूळ. रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरमध्ये बोटभर फट असते, तिथे हा सगळा ऐवज लोकरीसारखा गच्च बसतो. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते. दोन्ही भाग सुटे केल्याशिवाय खरा प्रकार कळत नाही. दुसरी सवय पाण्याची. कूलंट कमी झालं की बोअरचं पाणी ओतायचं. काळ्या पाषाणातून आलेलं ते जड पाणी, त्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं, शिवाय झाकणाचा दाब नीट, असं असेल तर उकळबिंदू १२० अंशांच्या पुढे जातो. या इंजिनाच्या वॉटर पंपाचा पंखा बऱ्याच गाड्यांत प्लॅस्टिकचा होता आणि तो तडकायचा, ही त्याची जगभर ओळखली गेलेली खोड आहे. पंप बदलताना धातूच्या पंख्याचा घ्यावा.

आणि काट्यावर विश्वास ठेवू नये. फोक्सवॅगन घराण्याच्या (स्कोडाही त्यातलीच) पुष्कळ गाड्यांत कूलंट पंचाहत्तरच्या वर गेलं की काटा नव्वदवर येऊन बसतो आणि शंभरी ओलांडली तरी तिथेच राहतो. चालकाला उगाच काळजी नको, म्हणून केलेली ही सोय. मॉडिफाय केलेल्या गाडीत ती घात करते. इंजिन ऑइलच्या तापमानाचा वेगळा मीटर लावावा. १२० पर्यंत ठीक. १३० दिसले की पाय काढावा. जोरात आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावी, नाहीतर टर्बोतलं थांबलेलं तेल जळून कोळसा होतं.

आता दुसरं ठिकाण, गिअरबॉक्स. इंजिनचा टॉर्क पहिल्या गिअरमध्ये चाकापर्यंत जाईतो दहा-बारा पटींनी वाढतो, तेव्हा दातांवर सर्वाधिक मार बसतो तो गाडी उचलताना. क्लच झटक्यात सोडला तर आणखीच. आरएसच्या पाच गिअरांच्या बॉक्समध्ये एक नाजूक जागा आहे. डिफरन्शिअलचं मोठं चक्र रिवेटने ठोकलेलं असतं. चाक घसरून अचानक पकड घेतं, तेव्हा रिवेट तुटतो आणि आतूनच बॉक्सचं कवच फोडतो. खाली तेलाचं थारोळं. उपाय म्हणजे ते रिवेट काढून कठीण पोलादाचे बोल्ट घालायचे, किंवा डिफरन्शिअलच मर्यादित घसरणीचं बसवायचं. बोल्टचा खर्च फुटलेल्या बॉक्सच्या मानाने किरकोळ, तरी बहुतेकजण बॉक्स फुटल्यावरच तो करतात! त्याबरोबर जाड क्लच प्लेट आणि चांगली बेअरिंग. सरळ दातांचे रेसिंग गिअर मजबूत असतात, पण रोजच्या वापरात त्यांचा किंचाळणारा आवाज सोसवत नाही. मी ते धाराशिव-सोलापूर जाणाऱ्या गाडीला सुचवणार नाही.

ऑटोमॅटिक घेतलेल्यांची गोष्ट अधिक अवघड. पोलो जीटी टीएसआयपासून आजच्या चाकणच्या व्हर्टस-स्लावियापर्यंत येणारी सात गिअरांची डीएसजी, म्हणजे दोन क्लचची स्वयंचलित गिअरपेटी, कोरड्या क्लचची आहे, आणि तिची मर्यादा २५० न्यूटन मीटर. दीड लिटरच्या टीएसआय इंजिनाचा मूळ टॉर्कच २५० आहे, म्हणजे कंपनीने शिल्लक काही ठेवलेलीच नाही. तेलात बुडालेल्या क्लचची सहा गिअरांची डीएसजी ३५० झेपवते, कारण तिथे तेल उष्णता वाहून नेतं. कोरड्या क्लचला घाटात रांगत्या गर्दीत थंड व्हायला जागाच नसते. अशा गाडीला रिमॅप करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या सगळ्यात जिल्ह्याचा एक वाटा आहे: इथेनॉल. कळंब तालुक्यातल्या रांजणीच्या नॅचरल शुगरसारख्या कारखान्यांतून ते निघतं आणि आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळलेलं असतं. इथेनॉल बाष्प होताना पेट्रोलच्या अडीच पट उष्णता शोषतं आणि नॉकिंगला दाद देत नाही. परदेशी ट्यूनर पंच्याऐंशी टक्के इथेनॉलवर गाड्या पळवतात ते म्हणूनच. पण इथेनॉलवर इंधन जास्त लागतं. जुन्या आरएसचे पाइप आणि इंजेक्टर त्यासाठी बनलेले नाहीत, आणि जुन्या पेट्रोलवर बेतलेला रिमॅप तसाच ठेवला तर मिश्रण पातळ होतं.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल असं सांगतात की निर्मात्याच्या मूळ नोंदीत बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. विमा कंपनीही अपघातानंतर हेच कारण पुढे करू शकते. वेगाची हौस असेल तर ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरलेल्या ड्रॅग शर्यतींसारखी बंद जागा धरावी, तुळजापूरचा घाट नव्हे. तिथे नवरात्रात लोक पायी चालत असतात. आणि गॅरेजवाल्याला पैसे द्यायचेच असतील तर क्रम असा सांगा: रेडिएटर साफ, नवं कूलंट, ऑइलचा मीटर, इंटरकूलर, क्लच, डिफरन्शिअलचे बोल्ट. लॅपटॉप सगळ्यात शेवटी.